वॉरंट नाही म्हणून डिकी उघडणार नाही?

‘वॉरंट नसेल तर पोलिसांना तुमच्या गाडीची झडती घेता येत नाही. हवालदाराला गाडी थांबवायचा अधिकारच नाही. कागदपत्रं नसली तरी 15 दिवस मिळतात. चावी काढून घेणं बेकायदा आहे.’ सोसायटीच्या आणि कॉलेजच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतच असतो. चावीचं सोडलं तर तो चुकीचा किंवा अर्धवट आहे, आणि त्याच्या भरवशावर नाकाबंदीत हुज्जत घालणारी तरुण पोरं नाहक अडकतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 119 नुसार वाहतुकीचं नियमन करणाऱ्या पोलिसाची सूचना पाळावीच लागते. कलम 130 नुसार गणवेशातल्या कुठल्याही पोलिसाने, म्हणजे साध्या शिपायानेही, मागितलं की लायसन्स दाखवावं लागतं. आदेश धुडकावला तर कलम 179 खाली 2,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

15 दिवसांची सवलत कागद घरी राहिले असतील तर आहे, मुळात काढलेच नसतील तर नाही. लायसन्सच नसेल तर कलम 207 खाली गाडी तिथल्या तिथे ताब्यात घेता येते. डिजिलॉकरमधली कागदपत्रं चालतात. गॅलरीतल्या फोटोवर विसंबू नका.

चावी हिसकावण्याचा अधिकार मात्र या कायद्यात कुठेही दिलेला नाही. इथे मेसेज बरोबर आहे.

आता झडती. लायसन्स तपासण्याचं कलम डिकी उघडायला लावण्यासाठी पुरत नाही, पण पोलिसांकडे दुसरे कायदे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 185 नुसार तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. त्यासाठी त्याने आधी कारणं लिहून ठेवायची, झडतीचं चित्रीकरण करायचं आणि त्या नोंदींची प्रत 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. अमली पदार्थांच्या कायद्यातही वॉरंटशिवाय झडती आहे. निवडणुकीच्या काळात तर भरारी पथकं रोकड आणि दारूसाठी गाड्या तपासतातच.

म्हणजे वॉरंट नसतानाही झडती कायदेशीर असू शकते. पण या अटी नुसत्या कागदावरच्या नाहीत. हरियाणातल्या एका प्रकरणात खासगी जीपमध्ये अफूच्या बोंडांचा चुरा सापडला होता. खासगी वाहन हे सार्वजनिक ठिकाण नव्हे, म्हणून झडतीपूर्वी अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 42 प्रमाणे लेखी नोंद हवी होती आणि ती झालीच नव्हती, असं सांगत 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. तुमचा खरा हक्क या नोंदीत आहे. मेसेज नेमका त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, याचा मला राग येतो.

तेव्हा ‘वॉरंट दाखवा’ म्हणत अडून बसण्यापेक्षा शांतपणे विचारा: झडती कोणत्या कायद्याखाली, कारण काय, चित्रीकरण चालू आहे का? अधिकाऱ्याचं नाव आणि बक्कल नंबर टिपून घ्या. महिलेची अंगझडती महिलेनेच घ्यायची असते, तिथे तडजोड नको. काही जप्त केलं तर पंचनामा पूर्ण वाचा, आणि कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका.