बेजचं गणित आणि गर्दीचा मध्यक

‘माणूस रोजचे अंदाज बेजच्या नियमानेच (आधीची माहिती आणि नवा पुरावा जोडून संभाव्यता काढण्याच्या नियमाने) बांधतो’ असं विधान मी वाचलेल्या एका लेखात आहे. ते संज्ञानशास्त्रज्ञ ग्रिफिथ्स आणि टेनेनबॉम यांच्या २००६च्या प्रयोगावर उभं आहे; त्यात लोकांना आयुर्मानासारख्या गोष्टींचे अंदाज विचारून ते मॉडेलच्या उत्तरांशी ताडून पाहिले होते. पण त्यातलं मॉडेल नेमकं काय करतं, हे लेखात यायला हवं होतं.

एखादी गोष्ट आतापर्यंत ट इतकी चालली आहे, तर एकूण किती चालेल? प्रत्येक संभाव्य एकूण काळाची पूर्वसंभाव्यता (ट कळण्याआधीची संभाव्यता) घ्या, ट पेक्षा लहान काळांची संभाव्यता शून्य करा, उरलेल्यांना त्या-त्या एकूण काळाने भागा, बेरीज १ करा आणि मध्यक (ज्याच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी संभाव्यता असते तो काळ) काढा. भागाकार बहुतेक जण विसरतात. आपण ती गोष्ट अमुकच टप्प्यावर गाठली असं मानायला कारण नसतं, म्हणून तो लागतो.

पूर्वसंभाव्यता घात-नियमाची (पॉवर लॉ) असेल, म्हणजे इथे एकूण काळाच्या व्यस्त प्रमाणात, तर उत्तर ट च्या दुप्पट येतं: ५ ला १०. एर्लांग (आधी चढणारं आणि मग घातांकी वेगाने उतरणारं वितरण) असेल तर ट मध्ये ठरावीक भर पडते; मापांक १० असल्यास सुमारे ६.९. आयुर्मानासारख्या घंटाकृती वितरणात लहान वयाचं उत्तर सरासरीजवळच राहतं. मध्यकाऐवजी सरासरी काढू नका. वरच्या घात-नियमाच्या उदाहरणात ती अनंत असते, आणि संगणकाचं उत्तर फक्त तुम्ही संभाव्य काळांचा तक्ता कुठे तोडला यावर ठरतं.

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. प्रयोगात मॉडेलशी जुळले ते गटाच्या उत्तरांचे मध्यक, एकेकाची उत्तरं नव्हे. संशोधक मोझर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की प्रत्येकाला दोनच उदाहरणं आठवत असली, तरी गटाची उत्तरं जवळपास तशीच येतात. मग एकेका डोक्यात पूर्ण वितरण असतं, हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी एकाच व्यक्तीला ट बदलून अनेकदा विचारावं लागेल.