नीरा, कमलाबाई आणि आत्याची शुगर

गुहागरच्या आत्याने तीन आठवडे शुगरची गोळी बंद ठेवून रोज सकाळी नीरा घेतली होती. उपाशीपोटीची साखर २६० निघाली, तेव्हा कुठे तिने मोबाइल पुढे केला. गावभर फिरलेला निरोप असा: ‘कोकणकन्या डॉ. कमला सोहोनी यांना रामन यांनी बेंगळुरूत पाऊल ठेवू दिले नाही. त्या केंब्रिजला गेल्या, नोबेल मिळवले आणि नीरेने मधुमेह मुळापासून जातो हे सिद्ध केले.’ खाली जोडलेले हात, पुढे पाठवा.

नोबेल मिळालेलं नाही. केंब्रिजची पीएच.डी. १९३९ ची, तीच पुरेशी मोठी आहे. जन्म इंदूरचा, १९११ चा. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. कोकणकन्या कुठून आली, देव जाणे.

रामन म्हणजे सी. व्ही. रामन, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे तेव्हाचे संचालक. त्यांचं निम्मं खरं, हे मान्य करावं लागतं. मुलगी म्हणून त्यांनी नकार दिला होता. पण कमलाबाई हटून बसल्या आणि १९३३ साली संस्थेत शिरल्याच, वर्षभर उमेदवारी आणि ‘पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये’ असल्या अटींवर. १९३६ ला एम.एस्सी. झाल्या. निरोप लिहिणाऱ्याने ही लढाईच गिळली.

आता नीरा. राजेंद्रप्रसादांच्या सुचवण्यावरून त्यांनी नीरेवर काम केलं, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. (भारतीय विज्ञान अकादमीने २००८ साली महिला शास्त्रज्ञांवर काढलेल्या पुस्तकात त्यांच्यावर लेख आहे, शोधून वाचा.) नीरेत क जीवनसत्त्व, लोह सापडलं. कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर बायांना ती दिल्यावर तब्येती सुधारल्या. कुपोषित! ज्या पोराच्या पोटात काही नाही त्याला साखर हवीच असते. आत्याच्या रक्तात ती आधीच उतू चाललीय.

आणि हे कोकणात सांगावं लागतं? नीरेच्या मडक्याला आतून चुना का लावतात? पोयीतून, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यातून, गळणारा रस इतका गोड की चुना नसला तर उन्हं चढेपर्यंत त्याची माडी होते. जे आंबून दारू होतं, त्यात साखर नाही असं माडाखाली वाढलेल्या माणसाने म्हणायचं? १०० मिलीलिटरला १० ग्रॅमच्या वर साखर असते, बहुतेक सुक्रोज, म्हणजे आपण चहात घालतो तीच. आत्याचा तांब्या अर्ध्या लिटरचा. हिशोब करा: ५० ग्रॅम, चहाचे दहा चमचे, रोज सकाळी, गोळी बंद करून.

सगळ्यात चीड याची, की हीच बाई पुढे कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाची अध्यक्ष होती, गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये म्हणून लिहीत होती. तिच्याच नावाने हा माल खपवतात.

आत्याची गोळी सुरू झालीय. तांब्या अजून येतो, तो आता काका रिकामा करतात. त्यांना शुगर नाही म्हणे. तपासलेली कधीच नाही.