रकाने कोणी आखले?

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान कधी शिकवायचं, या प्रश्नाचं बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: शिकवायचंच नाही. फारच वाटलं तर टी.वाय.ला प्रत्यक्षार्थवाद (समाजाचाही विज्ञानासारखा, निरीक्षण-मोजमापाने अभ्यास करायचा हा विचार) वगैरे येतंच की, तेव्हा बघू. मला हे अजिबात पटत नाही. मी नवी मुंबईत तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे माझ्या पटण्या-न पटण्याला कागदोपत्री किंमत शून्य. म्हणून इथे लिहितेय.

तत्त्वज्ञान म्हटलं की लोकांना प्लेटो आठवतो, नाहीतर कीर्तन. मला दोन्ही नकोत. 'हे तुला कसं कळलं?' आणि 'हे रकाने कोणी आखले?' एवढे दोन प्रश्न पहिल्या महिन्यात मुलांच्या तोंडी बसले तरी पुरे.

रकान्यांचं सांगते. एफ.वाय.च्या मुलांना प्रोजेक्टसाठी छोटा सर्व्हे करायचा होता. फॉर्ममध्ये 'घराचा प्रकार' असा प्रश्न, पुढे दोन चौकटी: अधिकृत, अनधिकृत. सेक्टरमधल्या फ्लॅटांत राहणाऱ्या मुलांनी पटापट टिका केल्या. घणसोली गावातली एक मुलगी मात्र पेन धरून बसलेली. म्हणाली, "मॅडम, आमचं गरजेपोटीचं घर आहे. ते कुठे लिहू?"

बाहेरच्यांसाठी थोडक्यात: 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली आणि ठाणे-रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनी शहरासाठी संपादित व्हायला लागल्या. कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द त्या मानाने वाढली नाही. मुलांची लग्नं झाली, घरं हद्दीबाहेर सरकली. त्यांनाच 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. ती नियमित करा, ही प्रकल्पग्रस्तांची वर्षानुवर्षांची मागणी. आता या घराला कुठली चौकट? आणि आम्ही दोनच चौकटी छापल्या तेव्हा नकळत कुणाच्या नजरेने शहराकडे बघत होतो? पुढचा अख्खा तास यावर गेला. 'वस्तुनिष्ठता' त्या दिवशी वर्गाला कळली. झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्समध्ये तिची सहा वैशिष्ट्यं आहेत, ती पाठ करून ती कधीच कळली नव्हती.

त्याच आठवड्यात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुरखीम काढला. 1897 साली त्याने आत्महत्येवर पुस्तक लिहिलं. युरोपातली सरकारी आकडेवारी घेऊन दाखवलं, की प्रोटेस्टंट समाजात आत्महत्येचं प्रमाण कॅथलिकांपेक्षा जास्त दिसतं, आणि त्याचं कारण त्याने माणसाच्या मनात न शोधता समाजाच्या बांधणीत शोधलं. केवढी मोठी झेप आहे ही. पण रकान्यांवरून डोकं तापलेला वर्ग आता गप्प बसणार नव्हता. मागच्या बाकावरून आलंच: "पण मॅडम, आत्महत्या अशी नोंद कोण करतं? घरचे तर अपघातच सांगणार ना, त्यातून धर्मात पाप असेल तर." हाच आक्षेप घेऊन जॅक डग्लस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1967 मध्ये पुस्तक लिहिलं. या पोराने डग्लसचं नावही ऐकलेलं नव्हतं.

याचा एक धोका आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांत मुलं दुसऱ्या टोकाला जातात. 'म्हणजे प्रत्येकाचं सत्य वेगळं' हे वाक्य एकदा वर्गात शिरलं की अभ्यास बोंबलला. तिथे शिक्षकाने ठाम उभं राहायला हवं. हद्दीची रेघ कोणत्या साली आखली गेली ते कागदावर आहे. घर कधी बांधलं तेही शोधता येतं. या गोष्टी कुणाच्या मतावर अवलंबून नाहीत. घराला कुठल्या रकान्यात टाकायचं हा निर्णय मात्र माणसांनी घेतलेला आहे, आणि त्याची कारणं त्यांना विचारता येतात. हा फरक सांगायला मला दरवर्षी दुरखीमपेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि व्याख्या पाठ करण्यावर ज्यांचा फार जीव आहे, त्यांनी बाबासाहेबांचा 1916 सालचा कोलंबियातला जातिसंस्थेवरचा निबंध काढून बघावा. वय 25. सुरुवातीलाच जातीचे अभ्यासक सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या एकेक करून तपासायला घेतात. बाकीच्यांपेक्षा केतकरांना जास्त मान देतात, पण सोडत त्यांनाही नाहीत. केतकरांनी जातीची दोन लक्षणं दिली: सभासदत्व जन्माने, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. बाबासाहेब म्हणतात, ही दोन नाहीतच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलंत की जन्माने आलेलेच आत उरणार. शिवाय जात सुटी धरून तिची व्याख्या होतच नाही, ती इतर जातींच्या व्यवस्थेतच कळते. व्याख्येशी असं भांडायला शिकवणं म्हणजेच मी म्हणते ते तत्त्वज्ञान. व्याख्यांचा तो भाग छोटा आहे, मराठीत मिळतो, एफ.वाय.च्या मुलांना झेपतो. काही मुलांच्या घरी तर तो निबंध आधीपासून कपाटात असतो.

यावर नेहमीचा आक्षेप: आमची पोरं सकाळी लेक्चर, दुपारी डिलिव्हरी, रात्री घरी, त्यांना पास व्हायचंय, ही चैन कशाला? मला यात मुलांची काळजी कमी आणि हेटाळणी जास्त दिसते. दिवसभर अॅपच्या रेटिंगवर ज्याची कमाई ठरते, त्याला मोजमापाचे रकाने कोण आखतो हा प्रश्न प्राध्यापकापेक्षा लवकर कळतो.

राहिला पेपरचा मुद्दा. तोही सोपा आहे. एक व्याख्या द्या आणि विचारा: या व्याख्येतून काय निसटतं, उदाहरणासह लिहा, 10 गुण. तपासायला वेळ जास्त लागतो आणि पेपर तपासणीचा दर तोच राहतो, एवढी अडचण मात्र खरी आहे.