स्प्रेचा डबा कुणाच्या गळ्यात?

सात रस्त्याजवळच्या चहाच्या गाडीवर परवा वाद पेटला तो मल्लूच्या पिशवीवरून. मल्लू गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. पिशवीत रंगाचे संपलेले स्प्रे डबे होते, सोबत घरातले डिओचे दोन. ती बघूनच भंगारवाल्या सादिकने हात झटकले.

"हे नको बे. परत ने."

"का लगा? पत्राच आहे की."

सादिकने एक डबा हलवला, आत गोळी खुळखुळली. बटण दाबलं तर फुस्स! "रंग संपलाय, गॅस हाय अजून."

पोरगं खरं बोलत होतं. रंग बाहेर ढकलायला आत ब्युटेन-प्रोपेन भरतात, म्हणजे घरच्या सिलिंडरमधलाच एलपीजी. डब्याचं बूड आत खोलगट असतं ते हा दाब सोसायला. रिकामा झाला तरी भोक पाडू नका, जाळू नका, 50 अंशांच्या वर तापू देऊ नका, असं डब्यावरच छापलेलं असतं. सोलापुरात मे महिन्यात सावलीतच 43-44 अंश. भंगाराच्या पत्र्याच्या शेडखाली काय होत असेल? त्यात तिथली पोरं डबे घणाने चेपतात.

अण्णांनी लगेच नियम काढला. (अण्णांना नियम विचारावे लागत नाहीत.) "2016 च्या घनकचरा नियमांत रंगाचे, कीटकनाशकांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र हवं, असं त्यात होतं. आपलं शहर साधारण 180, म्हणजे नऊ केंद्रं."

"मग तिथं देतो की."

"तुझे कुठले? ते घरगुतीसाठी. तुझं गॅरेज."

मल्लू भडकला. "ज्या कंपनीनं विकला तिनंच परत न्यावा!"

तेही कागदावर येतंय. प्लॅस्टिक पॅकिंगची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारी नियमावली 2022 मध्ये आली, म्हणजे डब्याचं टोपण त्यात बसतं. धातू, काच, कागदाच्या पॅकिंगसाठी केंद्राने डिसेंबर 2024 मध्ये मसुदा काढला.

सादिक हसला. "प्लॅस्टिकचं बघितलं की. कंपनी नोंदणीवाल्या रिसायकलरकडून सर्टिफिकेट घेते, मोकळी होते. माल मात्र आधी माझ्यासारख्याकडेच येतो, आणि माझी कुठं नोंदणी?"

इथे मी सादिकच्या बाजूचा. परदेशात बंद यंत्रात डब्याला भोक पाडतात, गॅस फिल्टरमधून जातो, उरलेला रंग खाली गोळा होतो. तसलं यंत्र गल्लीतल्या दुकानदाराने घ्यायचं कशातून? कंपनीचा पैसा घण जिथे पडतो तिथवर पोचत नसेल, तर त्या सर्टिफिकेटला मी तरी कागदच म्हणेन. अण्णांना हे पटलं नाही. आधी नोंद तरी होऊ दे, हिशेब लागला की पैसा मागता येतो, असं त्यांचं म्हणणं.

तेवढ्यात मल्लूने बाईकच्या मोबाईल होल्डरचं चुंबक काढून डब्यांना लावलं. रंगाचे चिकटले, डिओचे नाहीत. "हे दोन ॲल्युमिनियम! ह्याचा भाव दे."

"फुस्स बंद झालं की आण."

"आणि रंगाचे?"

"ते अण्णांना दे, नऊ केंद्रं हायत त्यांच्याकडं."

अण्णा म्हणाले, चहाचे पैसे आज सादिक देईल.