दहा सेकंद आणि उजवा कान

पोरगा अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेला जवान, झाला की त्याच्यासाठी सैन्याकडे ३१ आठवड्यांचं पक्कं वेळापत्रक तयार असतं. पहिले १० आठवडे सगळ्यांना सारखंच मूलभूत प्रशिक्षण, पुढचे २१ ज्याच्या त्याच्या कामाचं. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात तर गनर, ड्रायव्हर, रेडिओ ऑपरेटर, टेक्निकल असिस्टंट अशा वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेवर एक उस्ताद उभा असतो. पण हे सगळं पार पडल्यावर जी कसम परेड, म्हणजे शपथेची परेड, होते, तिला आईबापांनी हजर कसं राहायचं हे शिकवणारा उस्ताद अजून भरती व्हायचाय. तोवर ते काम आम्हा ठाणेकर पालकांनाच करावं लागणार.

पहिला घोळ पत्त्याचा. तोफखान्याची स्कूल ऑफ आर्टिलरी देवळालीला आहे आणि रिक्रूट जिथे घडतात ते आर्टिलरी सेंटर नाशिकरोड कॅम्पात. रेल्वे स्टेशनंही दोन, तीही लागोपाठ. नातेवाइकांच्या ग्रुपवर एखादे काका ‘देवळाली कॅम्प, डोळे मिटून या’ असं टाकतात आणि अर्धं वऱ्हाड खरोखरच डोळे मिटून देवळालीला उतरतं. बेळगावचंही तसंच. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शहरात आणि हवाई दलाचं प्रशिक्षण सांब्र्याला. नौदलवाल्यांना थेट ओडिशात चिल्का गाठावं लागतं, पण त्यांचं मला कौतुक वाटतं. मार्च २०२३ मध्ये अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची परेड त्यांनी सूर्यास्तानंतर ठेवली होती. कारणं त्यांची काहीही असोत, पालकांची झोप वाचवणारा असा निर्णय सैन्यात पुन्हा पुन्हा व्हायला हवा.

कारण बाकी परेडी सकाळच्या, आणि पाहुण्यांनी खुर्चीत असायचं ते त्याहून आधी. इथे ठाणेकर हिशेब मांडतो: ‘दीडशे किलोमीटर तर आहे. रात्री दोनला निघू, पाचला चहा नाशकात.’ हा हिशेब माजिवडा ते वडपे या पट्ट्यात कंटेनरांच्या रांगेमागे मोडतो. समृद्धी महामार्गाचा भिवंडीजवळच्या आमण्यापासून इगतपुरीपर्यंतचा हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला. आता कसारा घाट न चढता जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे निघता येतं. सोय झकास आहे. फक्त आमणेपर्यंत पोचणं ही ज्याची त्याची जबाबदारी. म्हणून शहाण्याने आदल्या संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडावी आणि नाशिकरोडलाच मुक्काम करावा. गाडीनेच जायचा हट्ट असेल तर आरसी, लायसन्स, पीयूसी आणि प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावं, आणि ती पिशवी वडिलांकडे देऊ नये. वडील ती डिकीत टाकतात, वर लाडवांचे डबे रचतात, आणि गेटवर जवान शांतपणे हात पुढे करून उभा राहतो.

किती माणसं आत सोडणार ते केंद्र ठरवतं. ज्यांची नावं दिली ती माणसं, बस. आत्या रुसते. तिला रुसू द्यावं. ‘येऊन तर बघू, सोडतील’ हा प्रकार हॉलमधल्या लग्नाला चालतो, छावणीच्या गेटवर नाही. फोनबद्दलही तेच. आत नेऊ देतात की गेटवर जमा करून घेतात हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं आणि जे सांगतील ते मुकाट्याने करावं. दुर्बीण नेऊ नये. पोरगा दिसावा म्हणून आणली आहे, हे छावणीच्या दारात पटवून देणं फार अवघड जातं.

आता खरी परीक्षा. मैदानात शेकडो पोरं उभी आणि त्यातलं एक तुमचं.

आई मुलाला चालीवरून ओळखते, असा घरोघरी समज आहे. ३१ आठवडे खपून सैन्याने नेमकी तीच चाल काढून टाकलेली असते. पाऊल ३० इंचांचं, मिनिटाला १२० पावलं, हात खांद्याच्या रेषेपर्यंत. बापासारखा एक खांदा पाडून चालणारा, काकासारखे पाय फेकत जाणारा, असलं सगळं घराणं पुसलं गेलेलं. केस तर पहिल्याच आठवड्यात गेले. दाढी गुळगुळीत. टोप्या एकाच कोनात. अशा वेळी शरीरावर सैन्याला बदलता न आलेली एकच वस्तू उरते आणि ती म्हणजे कान. पोरगा प्रशिक्षणाला निघण्यापूर्वी त्याचे दोन्ही कान नीट बघून ठेवा. दोन्ही का, ते पुढे येईलच.

परेडची रांग लागते ती उंचीने. ‘लंबा दाहिने, छोटा बाएं’ अशी आधी एक ओळ होते, मग एक-आड-एक पोरं पुढे-मागे काढून तिच्या तीन रांगा केल्या जातात. यात उंच पोरं दोन्ही टोकांना जातात आणि बुटकी मधोमध. सलामीच्या मंचासमोरून जाताना ‘दाहिने देख’चा हुकूम सुटतो आणि सगळ्यांच्या माना खटकन मंचाकडे वळतात. सगळ्यांच्या म्हणजे उजव्या टोकाची पोरं सोडून. ती नाकासमोर बघत चालतात, कारण बाकीची रांग त्यांच्यावरून सरळ राहते. म्हणजे पोरगा बुटका असेल तर तुमच्याकडे बघतो, पण दोन उंचांच्या आड दिसत नाही. पोरगा उंच असेल आणि उजव्या टोकाला लागला असेल तर छान दिसतो, पण तुमच्याकडे बघत नाही. त्याचा फक्त उजवा कान समोर येतो. आणि लहानपणी आपण हात टाकलेला असतो तो बहुधा डाव्या कानावर, कारण मारणाऱ्याचा उजवा हात समोरच्याच्या डाव्या कानापर्यंतच सहज पोचतो. बहुतेक ठाणेकर वडिलांना पोराचा उजवा कान अपरिचित असतो तो यामुळे.

वेळेचाही हिशेब करून ठेवा. ३० इंच गुणिले १२० म्हणजे मिनिटाला ३०० फूट, सेकंदाला पाच. समजा मान वळलेली असतानाचं अंतर ५० फूट आहे, तर तुमच्या वाट्याला येतात दहा सेकंद. परेडमध्ये ‘धीरे चल’ असेल तर चाल मिनिटाला साधारण ७० पावलांवर येते आणि सतरा सेकंद मिळतात. तो बोनस समजायचा. या दहा सेकंदांत फोन काढणं, लॉक उघडणं, कॅमेरा सेल्फीवर असल्याचं कळणं आणि तो उलटा फिरवणं, एवढं होत नाही. डोळ्यांनी बघा. बसायलाही मंचाच्या शक्य तितकं जवळ बसा. रांगेच्या अगदी शेवटच्या मंडपात सावली उत्तम मिळते, पण तिथवर पोरं येतात तेव्हा माना पुन्हा सरळ झालेल्या असतात.

हे सगळं आधीच टाळता येतं. रविवारच्या फोनवर ‘जेवलास का’ हे एकदाच विचारायचं आणि उरलेल्या वेळात कंपनी कोणती, प्लाटून कितवी, रांग पुढची की मागची आणि उजवीकडून कितवा, ही चार उत्तरं लिहून घ्यायची. ‘उजवीकडून’ म्हणजे त्याच्या उजवीकडून. समोर तोंड करून उभा असेल तेव्हा ती तुमची डावी बाजू होते. या एका गोष्टीवरून परेड संपेपर्यंत नवराबायको वेगवेगळ्या दोन मुलांचं कौतुक करत बसल्याची उदाहरणं आहेत. दोघांचेही डोळे सारखेच भरून आलेले असतात, हे विशेष.

राष्ट्रध्वज समोरून जातो तेव्हा सगळ्यांनी ताठ उभं राहायचं असतं. मांडीवर स्टीलचा डबा असेल तर तो त्याआधी खाली ठेवावा. झाकण घरंगळत मैदानाकडे जातं आणि नेमकी तेव्हाच पूर्ण शांतता असते. शपथ होते ती राष्ट्रध्वजाच्या आणि धर्मग्रंथाच्या साक्षीने. तोफखान्यात तोफा समोर उभ्या असतात, कारण या लोकांचं निशाण, म्हणजे पलटणीचा मानाचा झेंडा, ही त्यांची तोफच. पायदळात ज्या मानाने निशाण वागवतात, त्या मानाने इथे तोफ वागवली जाते. शेजारच्या खुर्चीतले काका ‘बोफोर्स, बोफोर्स’ म्हणून प्रत्येक तोफेकडे बोट दाखवतात. त्यांना दाखवू द्यावं.

मग गौरव पदक. हे आईवडिलांना मिळतं, आणि आपली व्यवस्था आईबापांच्या छातीवर काही लावते असे प्रसंग फार नाहीत, म्हणून याची तयारी गंभीरपणे करावी. पैठणीवर पदक लावलं की त्याच्या वजनाने रेशीम ओढलं जातं, पिन काढताना जरतार उसवते, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात ‘हे इथे काय झालं?’ याचं उत्तर द्यावं लागतं. पदर खांद्यावर जिथे ब्लाउजला पिन केलेला असतो, त्याच्या जरा खाली आतून सुती कापडाची दुहेरी घडी ठेवावी आणि पिन त्या घडीतून आरपार घ्यावी. वडिलांनी खिशात चष्मा, पेन, डायरी आणि गोळ्यांची पट्टी ठेवून वर पदक लावून घेऊ नये. खिसा लोंबतो आणि फोटोत पदक पोटावर येतं.

भेटीचा प्रसंग मी उरकता घेतो. आई म्हणते, ‘किती वाळलास रे.’ पोराचं वजन वाढलेलं असतं, छाती भरलेली असते, गळपट्टी आवळत असते. याला इलाज नाही. लाडू मात्र मोजून न्यावेत. पोरगा एकटा खाणार या हिशेबाने वीस नेले तर वीसही त्याच्या हाती लागत नाहीत, कारण आजूबाजूला प्लाटूनभर पोरं उभी असतात आणि त्यातल्या कित्येकांचे आईवडील आलेले नसतात. पन्नासच्या खाली जाऊ नये. आणि बेसनाचे न्यावेत. रव्याचे प्रवासात भुगा होतात.

पुढची कवायत सोसायटीत. सुट्टीवर आलेला पोरगा काळी ट्रंक घेऊन लिफ्टने न येता चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढतो आणि वॉचमनला ‘जय हिंद’ करतो. वॉचमन त्या दिवसापासून कुणाचंच ऐकत नाही. पहाटे साडेचारला पोरगा उठतो, चादरीची चौकोनी घडी घालतो आणि मग घरातल्या इतर चादरींकडे बघत उभा राहतो. ज्यांच्या अंगावर त्या असतात त्यांनाही उठावं लागतं. पाठोपाठ बूट. पॉलिशच्या डबीच्या झाकणात थोडं पाणी, बोटाला घट्ट गुंडाळलेलं सुती फडकं, आधी पॉलिशचा पातळ हात, मग पाण्याचा एक थेंब आणि लहान लहान गोल. हे थरावर थर, तासभर, फक्त टाचेला आणि पुढच्या टोकाला. मधल्या भागाला आरसा आणला तर पाय दुमडताच तिथे तडे जातात. यातलं सुती फडकं म्हणजे वडिलांचा चांगला बनियन असतो, हे वडिलांना अंघोळीनंतर समजतं.

आणि मग प्रश्न. ‘एनडीए ना?’ नाही. खडकवासल्याला तीन वर्षं घालवून अधिकारी होण्याकडे जातात, हा जवान आहे. ‘मग कॅप्टन कधी?’ पुन्हा तेच. शेवटी सगळ्यांच्या मनातला प्रश्न गोखले रोडवर, भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत असताना येतो: ‘चार वर्षांनी काय?’ उत्तर पाठ असलेलं बरं. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले २१ हातात आणि ९ सेवा निधीत. चौथ्या वर्षी ४० हजार, २८ हातात. निधीत सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात. तुकडीतल्या २५ टक्क्यांपर्यंत पोरांना पुढे कायम घेतात. काळजी आम्हालाही आहे, भरपूर आहे. पण ती आम्ही घरी करतो, भाजीच्या पिशव्या खाली ठेवून. विचारणाऱ्याचा स्वतःचा पोरगा तिसऱ्यांदा इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, बसलेला असतो, हा मुद्दा शेजारधर्म म्हणून काढायचा नाही. फारच झालं तर काढायचा.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकायला हरकत नाही, पण युनिटचं नाव, सैनिक क्रमांक, पोस्टिंगचं गाव आणि मागे उभी असलेली तोफ वगळून. हे सगळं वगळल्यावर फोटोत उरतात काका. त्यांचाच टाकावा.

महिनाभरात एक गंमत होते. तेच शेजारी संध्याकाळी दार वाजवतात, मागे त्यांचा सोळा वर्षांचा धाकटा, हातात नवे कोरे बूट. ‘वहिनी, याला जरा सांगा ना काय काय असतं ते.’ आणि आमच्या हिची सुरुवात होते. आधी ऑनलाइन परीक्षा, ती निघाली तरच मैदान. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलेस तर पूर्ण ६० गुण, १० बीमना, म्हणजे दांडीला लटकून काढलेल्या पुलअप्सना, ४०. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स यांना गुण नाहीत, पण पार करावेच लागतात. नवे बूट भरतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, फोड येतात, आजपासून घाल. उपवन तलावाला धावतोस ते ठीक आहे, पण तिथे संध्याकाळी भेळवाले असतात, तेव्हा पहाटे जा. आणि इकडे ये, उजेडात. मान वळव. दुसरीकडे. बघितलेत का हो भावजी याचे कान? नीट बघून ठेवा.