हळदीकुंकू म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर (जरा लांबलंय)

मागच्या पोस्टमध्ये मी आमच्या लेखन-ग्रुपच्या उत्सवांबद्दल लिहिलं होतं, पोळ्याला झडत्या (बैलांच्या तोरणाखाली म्हणायच्या टोमण्यांच्या कविता), भुलाबाईला (पोरीबाळींचा गाण्यांचा सण) गाणी, संक्रांतीला कथा असं सणासणाला ग्रुपवर लिहायचं. त्यावर एका भाऊंची प्रतिक्रिया आली. ही म्हणे अमेरिकेतल्या नॅनोरायमोची, म्हणजे महिन्याभरात कादंबरी लिहायच्या उपक्रमाची, नक्कल आहे, सगळे एकमेकांना नुसतं "अप्रतिम" म्हणतात, खरी टीका कोणी करत नाही, शुद्धलेखनाची बोंब आहे, आणि शेवटी, "ताई, हे साहित्य नाही, मोबाइलवरचं हळदीकुंकू आहे."

टीकेचा राग नाही हो मला. पण बोलायची काही रीत असते की नाही? सुरुवातीला ताई म्हणायचं अन् त्याच वाक्यात ताईला वाण वाटायला बसवायचं. ग्रुपमध्ये बाप्ये पण आहेत, मास्तर आहेत, कृषी केंद्रवाले आहेत, त्यांनी लिहिलं की ते कवी, आणि माझं नाव दिसलं की बरोब्बर हळदीकुंकूच कसं आठवलं तुम्हाले?

नॅनोरायमोचं म्हणाल तर नीट वाचून यायचं होतं. ते १९९९ ला सुरू झालं ते जुलैत, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नेलं कारण तिकडे तेव्हा हवामान खराब, माणूस घरात बसतो, म्हणून महिन्याभरात ५०,००० शब्द. आमच्याकडे नोव्हेंबरात घरात कोण बसतं? कापूस फुटलेला असतो, वेचायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर किलोच्या रेटवरून घासाघीस, अन् सकाळी कमरेला फडकं बांधून गेलेली बाई संध्याकाळी येते तेव्हा बोंडांची टोकं घुसून घुसून बोटं अशी झालेली असतात की भाकर थापताना मीठ झोंबतं, ती काय कादंबरी टाइप करणार? म्हणून आम्ही नोव्हेंबर सोडूनच दिलाय. पोळा धरतो कारण डवरणी-निंदण बऱ्यापैकी आटोपलेलं असतं, संक्रांत धरतो कारण वेचणीचा जोर ओसरतो. नक्कलच करायची असती तर तारीख तरी तिकडची घेतली असती ना. शिवाय ती संस्था २०२५ मध्ये बंद पण पडली, आम्ही चालूच आहोत.

आणि सणाला लिहिणं हलकं वाटतं तर दिवाळी अंकांचं काय करता? १९०९ साली "मनोरंजन"चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मोठे मोठे लेखक दिवाळीलाच लिहितात, ते साहित्य अन् आमचं हळदीकुंकू! झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, दिवाळी झाली, धान निघालं की रात्र-रात्रभर नाटकं चालतात, गडचिरोलीकडच्या वडशाला, नाटक मंडळ्यांच्या गावी, जाऊन म्हणून बघा तिथल्या नटांना हळदीकुंकू.

पोळ्याला कधी तोरणाखाली उभे राहिलात का? बैल सजून रांगेत, एक जण झडती टाकतो, कापसाच्या भावापासून सरपंचाच्या नवीन गाडीपर्यंत कोणाला सोडत नाही, आणि शेवटी सगळा गाव ओरडतो, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव". ज्याच्यावर झडती तो तिथंच समोर उभा, बैलाचा दोर हातात, पळून जायची सोय नाही. टीका टीका म्हणता ती ही.

माझी माय शाळेत गेली नाही. पण भुलाबाईच्या गाण्यात नणंदेच्या जागी शेजारच्या काकूचं नाव असं बसवायची की काकूच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवायची, घरी गेल्यावर तिला कळायचं. मग खिरापतीचा डबा खुळखुळवून आम्हा पोरींना ओळखायला लावायची, गोड का तिखट. मी तिथून आलेय. आता अंगणवाडीतून येऊन, सैपाक आटोपून, लाइन गेलेली असताना टाइप करते. मला साहित्य शिकवू नका.

एक मान्य. "अप्रतिम" जरा जास्तच होतं आणि ते हात जोडलेले इमोजी पाहून मलाही कंटाळा येतो. बस, तेवढंच. एखाद्या पोरानं जन्मात पहिल्यांदा चार ओळी लिहिल्या तर त्याची चिरफाड करायला आम्ही कोर्टात बसलो नाही. शुद्धलेखनाचं वगैरे जे लिहिलंय त्यावर बोलायला मला वेळ नाही.

होळीच्या सुमारास गहू-हरभरा निघाला की पुढचा उत्सव आहे. या, लिहा, मग तुमच्या लिखाणाला मी "अप्रतिम" सोडून काय म्हणते ते बघू. तोवर इथं परत हळदीकुंकू काढलं तर प्रतिक्रिया उडवीन, आधीच सांगून ठेवते.