‘सातबारा’ या नावाविषयी खुलासा

‘सातबारा’ हे नाव जमीन महसूल कायद्याच्या सातव्या व बाराव्या कलमांवरून पडले, असे सांगणारा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. हे आकडे कलमांचे नसून तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुन्यांचे, म्हणजे गावाच्या ठरावीक नोंदवह्यांचे आहेत. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, ज्यात भोगवटादार (जमीन धारण करणारा), क्षेत्र, आकार (जमिनीवरील सारा) आणि इतर हक्क नोंदवले जातात, तर नमुना बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून हा जोडशब्द रूढ झाला. फेरफाराची, म्हणजे हक्कांतील बदल नोंदवण्याची वही वेगळी, ती नमुना सहा. याच मजकुरातील ‘सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा’ हे विधान अधिक घातक आहे, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते.